बेलमच्या गुहेत मुलांना घेऊन जाताना

आंध्र प्रदेशातल्या बेलम गुहांना मुलाबाळांसह जायचं ठरलं असेल, तर पहिली तयारी स्वयंपाकघरात करा. घरात ओट्याचा, मांडणीचा किंवा मोरीतला जुना कडप्पा असेल, तर त्याच्या एका कोपऱ्यावर लिंबाची फोड पिळून ठेवा आणि तासाभराने मुलांना तो कोपरा पुसायला सांगा. काळ्या दगडावर पांढरट डाग उमटलेला दिसेल, कितीही घासला तरी न जाणारा. लिंबाच्या आंबटाने तिथला दगड खाल्लेला असतो. कडप्पा हा चुनखडीचा दगड. नंद्याळ जिल्ह्यातल्या कोलिमिगुंड्लापासून ताडिपत्री, कडपापर्यंतचा सगळा मुलूख याच दगडाच्या खाणींचा आहे आणि बेलमची गुहा त्याच पट्ट्यात, कोलिमिगुंड्ला मंडलात आहे. तीही अशीच तयार झाली. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेत खाली झिरपतं आणि किंचित आंबट होतं. त्या पाण्याने लाखो वर्षं दगड खाल्ला आणि जमिनीच्या पोटात बोगदे पडले.

हा प्रयोग आधी करायला सांगण्यामागे कारण आहे. अंधाऱ्या, अरुंद, ओल्या जागेत उतरल्यावर पोराच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘हे कुणी केलं?’ त्याचं उत्तर आधीपासून माहीत असेल, तर त्या रिकाम्या जागेत राक्षस येऊन बसत नाही.

दुसरी गोष्टही घरीच बोलून घ्या. आपल्याकडच्या मुलांनी गुहा म्हणून पाहिलेल्या असतात त्या अजिंठा, वेरूळ, कार्ला, भाजे. ती माणसांनी छिन्नीने कोरलेली लेणी. सपाट जमीन, चौकोनी दारं, मोजून काढलेले खांब. सह्याद्रीचा बेसॉल्ट पाण्यात विरघळत नाही, म्हणून बेलमसारखी मैलोगणती वळणं घेणारी गुहा आपल्याकडे सापडत नाही. बेलममध्ये काहीच सरळ नाही. छत एकदम खाली येतं, वाट दोन्ही खांदे घासतील इतकी निमुळती होते आणि मग अचानक एखादं प्रशस्त दालन उघडतं. लेण्यांच्या अपेक्षेने गेलेलं मूल इथे गोंधळतं. मोठी माणसंसुद्धा.

गुहेची एकूण लांबी 3,229 मीटर मोजली गेली आहे. त्यातला साधारण दीड किलोमीटरचा भाग आपल्याला पाहता येतो. ब्रिटिश भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1884 मध्ये तिची नोंद केली. 1982-83 मध्ये डॅनिएल गेबाउर यांच्या नेतृत्वाखाली जर्मन पथक आलं आणि त्यांनी तिची पाहणी केली. दरम्यानच्या काळात गुहेच्या तोंडांतून लोक कचरा टाकत असत. गुहा जपली जावी म्हणून एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने आणि काही स्थानिक मंडळींनी पाठपुरावा केला. 1999 मध्ये आंध्र प्रदेश पर्यटन विकास महामंडळाने ती ताब्यात घेतली आणि राडारोडा उपसून, दिवे आणि पायवाटा करून 2002 मध्ये लोकांसाठी खुली केली. हा कचऱ्याचा इतिहास मुलांना जरूर सांगा. खिशातला वेफर्सचा कागद मग खिशातच राहतो.

जायचं कसं? मुंबई, पुणे, सोलापूरहून गुंटकलमार्गे रेणिगुंट्याकडे जाणारी रेल्वे ताडिपत्रीवरून जाते, तिरुपतीला जाणाऱ्यांच्या ओळखीचीच वाट. ताडिपत्री स्टेशनपासून गुहा साधारण 30 किलोमीटरवर आहे. प्रत्येक गाडी ताडिपत्रीला थांबत नाही, तेव्हा तिकीट काढताना थांबा तपासा. नाहीतर गुंटकलला किंवा गुत्तीला उतरून पुढे गाडी करा. मंत्रालयमला राघवेंद्र स्वामींच्या दर्शनाला किंवा तिरुपतीला निघालेल्या कुटुंबांनी वाटेत एक दिवस काढला, तर हे सहज जमतं. भाषा तेलुगू, पण गुहेपाशी मोडक्यातोडक्या हिंदीवर भागतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या मंडळींना तर तीही अडचण नाही. बाकीच्यांनी निदान ‘नीळ्ळु’ म्हणजे पाणी आणि ‘जाग्रत्त’ म्हणजे सांभाळून, एवढे दोन शब्द मुलांना शिकवून ठेवावेत. गुहेत दोन्ही सारखे कानांवर पडतात.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. आपल्या शाळांना सुट्टी मेमध्ये असते म्हणून बरीच कुटुंबं तेव्हा जातात. मी तरी लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना मेमध्ये रायलसीमेत नेऊ नका असंच सांगेन. वर ऊन भाजून काढतं आणि खाली सुटका नसते. जोराचा पाऊस झाला की पाणी गुहेत उतरतं आणि आतला भाग बंद ठेवावा लागतो. तिकडे परतीचा पाऊसही जोरात पडतो, म्हणून ऑक्टोबरात निघत असाल तर आदल्या दिवशी महामंडळाच्या पर्यटन केंद्रात फोन करून विचारा. संक्रांत आणि दसऱ्याच्या सुट्ट्या टाळा, रविवार टाळा. दार साधारण दहाला उघडतं. दहाच्या ठोक्याला तिकीट खिडकीवर असा. पहिल्या अर्ध्या तासात आत गेलेल्या कुटुंबाला जी गुहा भेटते, ती दुपारच्या गर्दीत ढकलत जाणाऱ्याला भेटत नाही. पाण्याचा थेंब ऐकू येणं ही इथली खरी चैन आहे.

आता उकाड्याबद्दल, कारण यात सगळे फसतात. गुहा म्हणजे गारवा, असं आपल्या मनात पक्कं असतं. खोल गुहेतलं तापमान वर्षभर जवळजवळ एकच राहतं आणि ते बाहेरच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतं. इंग्लंडातल्या गुहेत म्हणूनच स्वेटर लागतो. रायलसीमेची सरासरीच तिशीकडे झुकलेली. त्यात आतली हवा ओलाव्याने भरलेली, त्यामुळे घाम येतो पण वाळत नाही. हवा खेळती ठेवायची सोय केलेली आहे, तरी दहाव्या मिनिटाला कपडे अंगाला चिकटतात. सुती, सैल, अर्ध्या बाह्यांचे कपडे घाला. घोळदार साडी, लांब ओढणी आणि नायलॉन नको. चपला अजिबात नकोत. वाट काही ठिकाणी ओली आणि निसरडी असते, तेव्हा मागे पट्टा असलेले सँडल किंवा पकड घेणारे बूट हवेत. प्रत्येकासाठी एक कोरडा शर्ट आणि एक पंचा गाडीत ठेवा. चष्म्याच्या काचांवर आणि फोनच्या कॅमेऱ्यावर वाफ धरते, त्यासाठी एक जुना मऊ रुमाल खिशात असू द्या.

दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत, हा नियम कुणासाठीही मोडू नका. पिशव्या, पर्स, खाण्याचे डबे सगळं गाडीत. पाणी वरच भरपूर प्या, एक बाटली पाठीवरच्या लहान सॅकमध्ये घ्या. लघवीला सगळ्यांनी वरच जाऊन यायचं, ‘मला नाही आली’ म्हणणाऱ्यानेसुद्धा. आत तासभर, सावकाश गेलात तर दीड तास लागतो आणि मध्ये कुठेही सोय नाही. तान्हं मूल छातीशी बांधायच्या झोळीत घ्या. खांद्यावर बसवलेल्या पोराचं डोकं छताला आपटतं आणि खालच्या बापाला ते आधी दिसत नाही.

कोण उतरणार आणि कोण नाही, हे तिकीट खिडकीपाशी ठरवायचं नसतं. दमा, हृदयविकार, न उतरणारा रक्तदाब, चक्कर येण्याची सवय असेल तर वरच थांबावं. गरोदर बाईने आणि नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यानेही. लिफ्टमध्ये ज्यांचा जीव घाबरा होतो, त्यांनीही आधी सांगून टाकावं, त्यात लाज नाही. आजी-आजोबांना आतलं काही तरी पाहायचंच असेल आणि जिना उतरण्याइतके पाय धड असतील, तर ध्यानमंदिर म्हणतात ते दालन दाराच्या जवळ आहे. उशी ठेवलेल्या पलंगासारखा तिथला दगड आहे आणि पूर्वी बौद्ध भिक्षू इथे राहत, असं सांगतात. तेवढं पाहून त्यांनी वर यावं. मात्र त्यांच्यासोबत एक कर्ता माणूस राहिला पाहिजे. ‘तुम्ही बसा इथे, आम्ही आलोच’ म्हणून सत्तरीच्या माणसाला परक्या भाषेच्या मुलखात दीड तास एकटं बसवणं बरं नाही. पाळी लावून घ्या. अर्धे आधी उतरा, अर्धे नंतर.

गुहेचं तोंड डोंगरात नाही, हेही मुलांना चकित करतं. सपाट माळ, शेतं, जवळच्या टेकडीवर बुद्धाचा मोठा पुतळा, आणि मधोमध जमिनीत विहिरीसारखे खड्डे. त्यातल्या एका खड्ड्यातून जिना उतरतो. उतरून दोन वळणं घेतली की मागचा सूर्यप्रकाश संपतो. इथे थांबा. पूर्ण दोन मिनिटं थांबा. डोळ्यांना मंद उजेडाची सवय व्हायला वेळ लागतो आणि सगळ्यात जास्त ठेचा याच पहिल्या टप्प्यात लागतात. मागचे लोक पुढे जात असतील तर जाऊ द्या.

पुढे सिंहद्वारम म्हणून नैसर्गिक कमान आहे, सिंहाच्या जबड्याची आठवण करून देणारी. कोटिलिंगालूच्या दालनात छतापासून लोंबणारे शेकडो दगडी सुळके आहेत, शाळेच्या भूगोलात शिकवतात ते अधोमुखी लवणस्तंभ. वडाच्या पारंब्यांचं दालन आहे, हजार फणांचं आहे. तिथलं छत पाहिलं की नागांनी एकदम फणा काढल्यासारखं वाटतं आणि नेमकं तिथेच लहान मुलं आईचा हात घट्ट धरतात. सगळ्यात खोल जागा पाताळगंगा, 46 मीटरवर. तिथे जिना उभा आहे, हवा जड आहे आणि खाली एक झरा वाहत येऊन दगडात गडप होतो. सहा-सात वर्षांच्या आतलं मूल असेल तर पाताळगंगेचा हट्ट धरू नका. उतरणं सोपं वाटतं. चढून येताना त्याला कडेवर घ्यावं लागतं आणि त्या जिन्यावर कडेवर मूल म्हणजे दोघांचाही धोका.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. भीती.

गुहेत मुलांना भीती वाटते. वाटायलाच हवी, ती शहाणपणाची खूण आहे. अंधारात, परक्या जागी, डोक्यावर दगड असताना शरीर सावध होतं. पण आपण मोठी माणसं त्या भीतीशी फार वाईट वागतो. दोन वाक्यं तर प्रत्येक सहलीत ऐकू येतात: ‘काही नाही रे त्यात, घाबरतोस काय!’ आणि ‘बघ, ती तुझ्याहून लहान आहे, ती बघ कशी चाललीय.’ पहिलं वाक्य खोटं आहे, कारण त्यात काहीतरी आहे हे मुलाला दिसतंय. दुसऱ्याने भीती जात नाही, वर अपमान मात्र बसतो. त्यापेक्षा जे आहे त्याला नाव द्या. ‘तो टप टप आवाज आहे ना, ते छतातून पाणी झिरपतंय.’ ‘तिकडे फडफडलं ते वटवाघूळ असेल, ते आपल्याला टाळतंय.’ ‘मलाही इथे जरा धडधडतंय.’ हे शेवटचं वाक्य बाबांनी म्हटलं तर त्याची किंमत फार मोठी असते.

उतरण्याआधी वरच एक खूण ठरवा. मुलाने हात दोनदा दाबला की थांबायचं, तीनदा दाबला की परत फिरायचं. आणि तीनदा दाबला की खरंच फिरायचं. ‘एवढ्यासाठी आलो का आपण, थोडंच राहिलंय’ असं म्हणायचं नाही. परतीचा मार्ग आपल्या हातात आहे हे कळलं की बहुतेक मुलं त्याचा उपयोगच करत नाहीत. कोण मुलाला घेऊन परत येणार, हेही आधीच ठरलेलं असू द्या, म्हणजे तिथल्या तिथे नवरा-बायकोत कुजबुज होत नाही. मूल ती कुजबुज बरोबर ऐकतं.

मुलांना काम द्या. एकाकडे टॉर्च, एकीकडे माणसं मोजायचं काम: प्रत्येक दालनात शिरताना आणि निघताना आपली सगळी माणसं आहेत का ते मोठ्याने मोजायचं. ज्याच्यावर इतरांची जबाबदारी आहे, त्याचं स्वतःच्या भीतीकडे लक्ष कमी जातं. रांगेत सगळ्यात पुढे आणि सगळ्यात मागे मोठं माणूस, मुलं मध्ये. आणि सर्वांत घाबरट मूल पुढच्या माणसाच्या लगेच मागे, शेवटाला नाही. मागे कुणी नसणं अंधारात फार जाणवतं.

मोठ्या गोतावळ्याने जाताना एक काका किंवा मामा असतोच, जो खांबाआड लपून ‘भॉ!’ करतो. घरी ते चालतं. इथे नाही. दचकलेलं मूल मागे उडी मारतं आणि मागे दगड असतो, ओला. त्या मामांना गाडीतच प्रेमाने पण स्पष्ट सांगून ठेवा. तेच भुताच्या गोष्टींचं. मुलांना त्या हव्या असतात आणि मला स्वतःला त्या आवडतात, पण जागा चुकवू नका. आदल्या रात्री मुक्कामाच्या खोलीवर नको, गुहेत तर नकोच. वर आल्यावर, झाडाखाली, पोट भरलेलं असताना हव्या तितक्या सांगा. नुकतीच अंधारातून जाऊन आलेली पोरं तेव्हा स्वतःच गोष्टीत भर घालतात.

दिवे कधी गेले तर? टॉर्च प्रत्येक मोठ्या माणसाच्या खिशात हवा. फोनचा चालेल, पण उतरताना बॅटरी भरलेली असू द्या आणि फोटोंत संपवू नका. अंधार झाला की पहिली सूचना एकच: जिथे आहात तिथेच खाली बसा. चालायचं नाही, हाका मारत धावायचं नाही. दिवे येईपर्यंत किंवा तिथला कर्मचारी येईपर्यंत माणसं मोजायची. याची रंगीत तालीम घरी होऊ शकते. रात्री सगळे दिवे मालवा, पडदे ओढा, पाच मिनिटं गप्प बसा आणि कुणाला काय काय ऐकू आलं ते सांगा. मुलांना हा खेळ इतका आवडतो की सहलीनंतरही मागतात.

हात लावण्याबद्दल मात्र कडक राहा. पाणी ठिबकताना त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विरघळलेला चुना कणाकणाने सुळक्यावर बसतो. बोटभर सुळका वाढायला शेकडो वर्षं सहज जातात. आपल्या तळहाताचं तेल त्यावर लागलं की नवा चुना धरत नाही आणि तिथे काळा डाग पडतो. सप्तस्वरांची गुहा म्हणून एक दालन आहे, तिथले लवणस्तंभ वाजवले की निरनिराळे सूर निघतात. पूर्वीच्या पर्यटकांनी वाजवलंय म्हणून आपणही दगड उचलून ठोकायचा, हे नको. नावं कोरलेली दिसतील. बदाम आणि बाणही. मुलांना ते मुद्दाम दाखवा आणि त्यांचं मत विचारा.

वर आल्यावर लगेच गाडीत बसू नका. सावलीत वीस मिनिटं बसा, मीठ-साखरेचं पाणी प्या, कपडे बदला. जेवणासाठी गुहेजवळ महामंडळाचं हॉटेल आहे, पण लहान मुलांना तिथली आमटी-भाजी तिखट लागेल. दही आणि पांढरा भात मागून घ्या, नाहीतर घरून दशम्या आणि गूळ-शेंगदाण्याचा डबा आणा.

उरलेल्या दिवसात काय करावं, यावर माझं मत ठाम आहे: फार काही नाही. पेन्ना नदीने एरमला डोंगर कापून केलेली गंडिकोट्याची घळ आणि तिथला किल्ला इथून दीड-दोन तासांवर आहे, आणि गाडीवाला ‘एका दिवसात दोन्ही करून देतो’ म्हणेल. ऐकू नका, गंडिकोट्याला दुसरी सकाळ द्या. फारच हुरूप असेल तर संध्याकाळी ताडिपत्रीची दोन विजयनगरकालीन मंदिरं पाहा, चिंतल वेंकटरमण आणि पेन्नेकाठचं बुग्गा रामलिंगेश्वर. पण दुपार मोकळी ठेवाच. कारण जे मूल सकाळी हात तीनदा दाबून अर्ध्यातून परत फिरलं, ते जेवणानंतर भावंडांचं ऐकून ऐकून हळूच विचारतं, ‘आता परत जाता येईल का आत?’ तेव्हा घड्याळ पाहू नका. दुसरं तिकीट काढा आणि या वेळी त्या एकट्यालाच घेऊन उतरा.